गोष्टीची गरज आणि तिची परवानगी

वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रं एकाच विषयाची निघाली: सिनेमातली आणि वेब सिरीजमधली नग्न दृश्यं, प्रणयाची दृश्यं, ती हवीत की नकोत. म्हणून या वेळी दुसरं काही घेतलं नाही. त्रिमूर्तीनगरच्या आईचं पत्र आधी घेते, कारण त्यांच्या हातात दिवस थोडे आहेत.

*

ताई, माझी मुलगी २३ वर्षांची आहे. कॉलेजपासून नाटक करते, राज्य नाट्य स्पर्धेच्या नागपूर केंद्रावर तिला अभिनयाचं प्रमाणपत्र मिळालं आहे. आता मुंबईच्या एका वेब सिरीजमध्ये चांगला रोल मिळून राहिला आहे. पण त्यात एक बेडरूमचा सीन आहे आणि एक आंघोळीचा. दिग्दर्शक फोनवर म्हणाला, “कथेची गरज आहे, सगळं एस्थेटिक असेल.” तिचे बाबा आठ दिवसांपासून तिच्याशी बोलून नाही राहिले. ती म्हणते, आई, ही कला आहे, तुला नाही समजणार. पुढच्या आठवड्यात दुरांतोनं लूक टेस्टला चालली आहे. मला एवढंच सांगा, अशा सीनची खरंच गरज असते का, की पोरींचा फायदा घ्यायचा धंदा आहे?
– एक आई, त्रिमूर्तीनगर

ताई, तुम्ही एका दमात दोन प्रश्न विचारले आहेत. ते आधी सुटे करू या. दृश्याची गरज आहे का, हे पटकथा वाचून कळतं. पोरीचा फायदा घेतला जातोय का, हे पटकथेत कुठंच लिहिलेलं नसतं. ते करारात दिसतं, सेटवर दिसतं, नंतर एडिटिंगच्या खोलीत दिसतं. “कथेची गरज आहे” असं सांगून दिग्दर्शकानं पहिल्या प्रश्नाचं उत्तर दिलं. दुसऱ्याचं दिलंच नाही. आणि तोच मोठा आहे, कारण गोष्टीची गरज अगदी खरी असतानाही पोरीचं शोषण होऊ शकतं. जगातल्या नावाजलेल्या सिनेमांत झालेलं आहे.

१९७२ चा ‘लास्ट टँगो इन पॅरिस’ घ्या. दिग्दर्शक बर्नार्डो बर्टोलुची, नायक मार्लन ब्रँडो, पन्नाशीच्या उंबरठ्यावरचा. नायिका मारिया श्नायडर, शूटिंगच्या वेळी १९ वर्षांची. त्यात एक बलात्काराचं दृश्य आहे आणि त्यात लोणी वापरलेलं आहे. ते लोणी पटकथेत नव्हतं. त्या दिवशी सकाळी ब्रँडो आणि बर्टोलुचीनं ते आपसात ठरवलं आणि मारियाला ऐन वेळी कळलं. संभोग खोटाच होता, पण पडद्यावर दिसतात ते अश्रू खरे आहेत, असं तिनं २००७ च्या मुलाखतीत सांगितलं. तिच्या बोलण्यातली दुसरी एक गोष्ट मला जास्त लागली: पटकथेत नसलेलं काही करायला कुणी आपल्याला भाग पाडू शकत नाही, अशा वेळी एजंटला किंवा वकिलाला सेटवर बोलवायचं असतं, हे तिला त्या वयात ठाऊकच नव्हतं. मारिया २०११ मध्ये गेली. २०१३ मध्ये बर्टोलुचीनं सांगितलं की त्याला अभिनेत्रीची प्रतिक्रिया नको होती, मुलीची हवी होती. म्हणजे अभिनय करायला आलेल्या मुलीला त्यानं अभिनय करू दिला नाही. तिचा अपमान केला आणि तो छापून घेतला.

त्याच २०१३ साली कान महोत्सवात ‘ब्लू इज द वॉर्मेस्ट कलर’ला सर्वोच्च पारितोषिक मिळालं आणि परीक्षकांनी ते दिग्दर्शकाबरोबर दोन्ही अभिनेत्रींनाही दिलं. त्याच दोघींनी काही महिन्यांत सांगितलं की एका प्रणयदृश्याचं शूटिंग दहा दिवस चाललं होतं आणि या दिग्दर्शकाबरोबर आम्ही पुन्हा काम करणार नाही. दोन मुलींच्या प्रेमाची ती गोष्ट आहे, त्यात शरीर येणारच, ही गरज मी मान्य करते. दहा दिवस कुणाची गरज होती, ते मात्र मला आजवर कुणी पटवून देऊ शकलेलं नाही.

आता सेटवर काय पाहायचं ते सांगते. मी मुंबईत बरीच वर्षं कपडेपटात काम केलं, मालिका केल्या, सिनेमे केले. लोकांना वाटतं, उघड्या दृश्याला कपडेपटाचं काय काम? त्या दिवशी सगळ्यात जास्त काम आमचंच. कॅमेऱ्याला अंग उघडं दिसतं, पण आत चिकटपट्ट्या असतात, पातळ कापडाचे तुकडे असतात, दोघांच्या मध्ये एक छोटी गादीसारखी पट्टी असते. बाजारात ‘स्किन कलर’ म्हणून जे मिळतं ते आपल्याकडच्या मुलींच्या रंगाला जुळत नाही. गोऱ्या मेमसाठी बनवलेलं असतं ते. मग पांढरं कापड चहाच्या पाण्यात उकळायचं, वाळवायचं, मुलीच्या दंडाला लावून बघायचं, परत उकळायचं. त्यात अख्खी दुपार जाते. पण त्या दुपारी ती मुलगी आमच्यासोबत बसलेली असते, कुठली पट्टी कुठे लागणार, काय दिसणार, काय नाही दिसणार, हे तिला स्वतःच्या डोळ्यांनी कळतं. जिथे ही दुपार दिली जात नाही, “ते बघू आपण सेटवर” असं म्हणतात, तिथे मला धास्ती वाटायची.

दुसरी खूण गाऊनची. असल्या दृश्याच्या वेळी आमच्यापैकी एक बाई समोरून उघडणारा सुती गाऊन हातावर टाकून कॅमेऱ्याच्या अगदी मागे उभी राहते. ‘कट’ ऐकू आला की दोन पावलांत गाऊन तिच्या अंगावर गेला पाहिजे. चांगल्या सेटवर ‘कट’नंतर सगळे नजर फिरवतात आणि गाऊन बांधून झाल्यावरच बोलणं सुरू होतं. वाईट सेटवर दिग्दर्शक म्हणतो, “थांबा, हलू नका, लाइट बघतोय,” आणि मुलगी तशीच बसून राहते, लाइटवाले, चहावाले, निर्मात्याचे पाहुणे सगळ्यांसमोर. दृश्य तेच. पटकथा तीच. गोष्टीची गरज दोन्हीकडे सारखीच.

गेल्या काही वर्षांत यात एक बरा बदल आला आहे. मारामारी असली की फाइट मास्टर असतो, गाणं असलं की डान्स मास्टर असतो, हात कुठे जाणार, पाय कुठे पडणार, सगळं बसवलेलं असतं. फक्त या दृश्याला कुणीच नसायचं. दिग्दर्शक म्हणायचा, “तुम्ही दोघं मोकळेपणानं करा,” आणि कॅमेरा सुरू. अमेरिकेत ‘द ड्यूस’ नावाच्या मालिकेत एमिली मीड या अभिनेत्रीनं स्वतः मागणी केली की अशा दृश्यांसाठी सेटवर एक जबाबदार माणूस हवा. त्यातून २०१८ मध्ये ती दाखवणाऱ्या एचबीओ वाहिनीनं आपल्या सगळ्या मालिकांसाठी इंटिमसी कोऑर्डिनेटर ठेवायचं ठरवलं. म्हणजे या दृश्यांची मास्टर. ती दोघांशी आधी वेगवेगळी बोलते, कुठे हात लागलेला चालेल, कुठे नाही, हे लिहून घेते, दृश्य हालचालींसह बसवते, आणि कुणी नको म्हटलं तर दिग्दर्शकाशी तीच बोलते. आपल्याकडेही हे काम करणाऱ्या प्रशिक्षित बाया आता आहेत, मोजक्या का होईना. २०२२ च्या ‘गेहराइयां’च्या श्रेयनामावलीत या कामाचं नाव आहे.

तर मुलीला सांगा, लूक टेस्टला गेल्यावर हे सगळं विचारायचं आणि उत्तरं ईमेलवर मागायची. दोन्ही दृश्यं पूर्ण लिहिलेली आहेत का? ‘दोघं जवळ येतात’ एवढ्यावर थांबायचं नाही, काय दिसणार, कुठल्या बाजूनं, किती, ते लिहून हवं. इंटिमसी कोऑर्डिनेटर आहे का? नसेल तर त्या दिवशी तिच्या बाजूनं बोलणारी कोण? सेटवर किती माणसं असतील, फोन बाहेर ठेवले जातील का, मॉनिटर कोण बघणार? जे फुटेज वापरलं नाही त्याचं काय करणार? यातलं काही ट्रेलरमध्ये किंवा पोस्टरवर जाणार का? तिच्याऐवजी बॉडी डबल, म्हणजे तिच्या जागी अंग दाखवणारी दुसरी मुलगी, वापरायची असेल तर तिला विचारणार का? आणि सगळ्यात शेवटी: त्या दिवशी सकाळी तिला नकोसं वाटलं तर काय? यावर चिडणारा माणूस तुम्हाला शूटिंगच्या आधीच कळलेला बरा. करार नागपुरातच एखाद्या वकिलाला दाखवा. सिरीजचं युनिट म्हणजे कामाची जागाच. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसं काम करत असतील तिथे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असावी लागते, आणि सिनेमाच्या युनिटलाही हे लागू आहे असं केरळ उच्च न्यायालयानं २०२२ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. समितीत कोण आहे, हे विचारण्यात काहीही उद्धटपणा नाही.

सगळं लिहून मागा असं मी म्हणते, त्याला कारण आहे. केरळच्या सिनेसृष्टीविषयीचा हेमा समितीचा अहवाल ऑगस्ट २०२४ मध्ये लोकांसमोर आला. त्यात बायकांनी सांगितलेल्या अनुभवांमध्ये हे पुन्हा येतं: आधी एक सांगितलं, शूटिंग सुरू झाल्यावर जास्तीचं मागितलं. तोवर मुलीचे काही महिने त्या कामात गेलेले असतात, गावाकडे सगळ्यांना सांगून झालेलं असतं, मागे फिरायला वाट नसते.

आणि इथे मला तिच्या बाबांशी बोलायचं आहे. दादा, तुमचा राग मला कळतो. नागपुरात चार लोक काय म्हणतील हा प्रश्न खोटा नाही, तुम्हालाच रोज त्यांच्यासमोर जायचं आहे. पण तुमची मुलगी मुंबईत एखाद्या सेटवर अडकली, कुणी तिला म्हणालं की आता एवढं कर नाहीतर काम गेलं, तर तिनं पहिला फोन तुम्हाला करायला हवा. तुम्ही बोलतच नसाल तर ती कुणाला करेल? मी हे प्रत्यक्ष पाहिलेलं आहे. जिच्या घरी काही माहीत नाही, जिला घरी सांगायची भीती आहे, अशी मुलगी असल्या लोकांना बरोबर ओळखू येते. “घरी कळलं तर?” एवढं एक वाक्य तिच्यावर पुरतं. जिचा बाप “करार मला पाठव, मी वाचतो” म्हणतो, तिच्याशी माणसं जपून बोलतात. तुम्ही त्या दृश्याला होकार द्यावा असं मी म्हणत नाही. नको वाटत असेल तर तसं तिला सांगा, तोंडावर सांगा, कारणासह सांगा. तिचं वय २३ आहे, ठरवणार तीच. पण आज रात्री तिच्या ताटाशेजारी बसून जेवा.

*

मॅडम, मी कॉलेजच्या फिल्म क्लबमध्ये आहे. आम्ही फूलनदेवीवरचा ‘बँडिट क्वीन’ दाखवला. विहिरीजवळच्या दृश्याला काही मुली उठून बाहेर गेल्या. नंतर जोरात वाद झाला. मी म्हटलं, नग्नतेला विरोध म्हणजे कलेला विरोध, सुप्रीम कोर्टानंसुद्धा हा सिनेमा बरोबर ठरवला आहे. त्यातली एक म्हणाली, तू फूलनला विचारलं का? मला उत्तर सुचलं नाही. काय द्यायला हवं होतं?
– एक विद्यार्थी, धरमपेठ

उत्तर सुचलं नाही ते बरं झालं. तिचा प्रश्न चांगला होता आणि तो मनात राहू दे.

कोर्टाबद्दल तू बरोबर आहेस. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या सिनेमाचं ‘ए’ प्रमाणपत्र कायम ठेवलं. बाईला गावासमोर विवस्त्र फिरवण्याचं ते दृश्य बघणाऱ्याची वासना चाळवण्यासाठी नाही, ते बघून तिच्याबद्दल कणव आणि त्या माणसांबद्दल घृणा वाटावी म्हणून आहे, असा त्या निकालाचा गाभा आहे. मला तो निकाल पटतो. ते दृश्य कॅमेरा लांबून, थंडपणे बघतो, तिच्या अंगावरून फिरत बसत नाही. आपल्या सिनेमांत बलात्कार दाखवताना जे चालायचं, त्याच्या अगदी उलट आहे ते. म्हणजे गोष्टीला गरज होती का, तर होती.

पण कोर्टापुढे प्रश्न होता बघणाऱ्यांचा. त्या मुलीचा प्रश्न आहे जिच्यावर गुदरलं तिचा. सिनेमा १९९४ चा. फूलनदेवी तेव्हा जिवंत होती, त्याच वर्षी तुरुंगातून सुटली होती. सिनेमा तिच्या आयुष्याची खरी गोष्ट म्हणून आला आणि तिनं विरोध केला, दिल्ली उच्च न्यायालयात गेली. अरुंधती रॉय यांनी तेव्हा लेख लिहून हेच विचारलं होतं: एका जिवंत बाईवरचा बलात्कार तिच्या परवानगीवाचून पडद्यावर पुन्हा उभा करायचा अधिकार कुणाला कसा मिळतो? पुढे तडजोड झाली, तिनं दावा मागे घेतला. ज्या १९९६ मध्ये तो निकाल आला, त्याच साली ती मिर्झापूरहून खासदार म्हणून लोकसभेत गेली. विचार कर, लोकसभेत बसलेल्या त्या बाईकडे बघताना किती जणांच्या डोळ्यांसमोर ते विहिरीचं दृश्य असेल.

आणखी एक बाई आहे, जिच्याबद्दल तुमच्या वादात कुणी बोललं नसेल. त्या दृश्यात सीमा बिस्वास नाहीत, बॉडी डबल आहे. सिनेमाच्या धाडसाची चर्चा गेली तीस वर्षं चालू आहे, दिग्दर्शकाचं धाडस, अभिनेत्रीचं धाडस, सेन्सॉरशी लढा. प्रत्यक्षात जी उघडी चालली, तिचं नाव त्या चर्चेत कधी येत नाही. कपडेपटात काम केल्यामुळे असेल, मला ती सारखी आठवते. तिला काय सांगितलं असेल, गाऊन घेऊन कुणी उभं होतं का, आजूबाजूला किती माणसं होती.

हे सगळं असूनही मी बंदीच्या बाजूची नाही. बंदी घालणारेसुद्धा त्या बाईला विचारत नाहीत. आपल्या मराठीतलंच उदाहरण आहे. रवी जाधव यांचा ‘न्यूड’ नोव्हेंबर २०१७ मध्ये गोव्याच्या इफ्फी महोत्सवातून ऐन वेळी काढला गेला. परीक्षकांनी निवडलेला सिनेमा मंत्रालयानं यादीतून उडवला, काही परीक्षकांनी राजीनामे दिले. पुढच्या जानेवारीत सेन्सॉरनं तो ‘ए’ देऊन एकही कट न लावता पास केला. नवऱ्याचं घर सोडून मुलाला घेऊन मुंबईला आलेली यमुना, जे. जे. कला महाविद्यालयात चित्रकारांसमोर मॉडेल म्हणून बसते, मुलाला शिकवते आणि त्याच्यापासून हे लपवते. कल्याणी मुळे आणि छाया कदम दोघींनी काय काम केलंय! नग्नता हा त्या सिनेमाचा विषयच आहे, तरी कुठे ती चोरून बघितल्यासारखी वाटत नाही, कारण बसायचं की नाही हे यमुना ठरवते, घाबरत, लाजत, पण स्वतः ठरवते.

क्लबमध्ये तो दाखव. आणि त्या मुली बाहेर का गेल्या ते त्यांना नीट विचार. “तुम्ही जुनाट आहात” या सुरात विचारशील तर सांगणार नाहीत. त्यांच्यातल्या एखादीला एखादा आठवडा सिनेमा निवडू दे.

*

आमच्या वेळी दोन फुलं एकमेकांना टेकली की प्रेक्षकाला काय ते समजायचं. लिबर्टी, पंचशील, जानकी, सगळीकडे सहकुटुंब जायचो. आता घरी टीव्ही लावायची चोरी. परवा नातू शेजारी होता आणि काय ते दिसलं! शालीनता कुठे गेली?
– एक निवृत्त बँक अधिकारी, महाल

काका, नातवाचं आधी सांगते. २०२१ च्या नियमांप्रमाणे ओटीटीवाल्यांना प्रत्येक कार्यक्रमावर वयाचा शिक्का द्यावा लागतो आणि १३ वर्षांच्या पुढच्या मजकुराला कुलूप लावायची सोय ठेवावी लागते. सेटिंगमध्ये पिन टाका, मुलाला सांगू नका. तुमचा त्रास खरा आहे. पुष्कळ सिरीजमध्ये पहिल्या दोन भागांतच असली दृश्यं कोंबलेली असतात, बघणाऱ्यानं पुढे सरकू नये म्हणून. माझी एक साधी कसोटी आहे: त्या दृश्याच्या आधी आणि नंतर त्या दोघांमध्ये काही बदललं का? दुरावा आला, जवळीक आली, कुणी खोटं बोललं, कुणाला काही कळलं? काहीच बदललं नसेल तर दृश्य भरतीचं.

पण जुन्या शालीनतेचं म्हणाल तर मी सहमत नाही. फुलं टेकत होती त्याच काळात दर चार सिनेमांआड एक बलात्काराचं दृश्य असायचं, लांबलचक, फाटलेल्या ब्लाउजसह, आणि ते सहकुटुंबच बघितलं जायचं. १९८० च्या ‘इन्साफ का तराजू’वर तेव्हाच टीका झाली होती की बलात्काराविरुद्ध बोलतो म्हणणारा सिनेमा बलात्कारच चवीनं दाखवतो. गाण्यात पाऊस हमखास. अंग झाकलेलं असायचं आणि नजर पूर्ण उघडी.

एकदा आमच्याकडे निरोप आला, पावसाच्या गाण्यासाठी नायिकेच्या साडीच्या परकराचं अस्तर काढून टाका. निरोप आम्हाला, तिला नाही. पाणी पडल्यावर तिला कळणार होतं. आमच्या कपडेपटाच्या प्रमुख बाई साताऱ्याकडच्या होत्या, कमी बोलायच्या. त्या सरळ मेकअप रूममध्ये गेल्या आणि तो परकर तिच्या मांडीवर ठेवून म्हणाल्या, “बाळा, यातलं अस्तर काढायला सांगितलंय, तुला चालतंय का?” ती नाही म्हणाली. अस्तर राहिलं, गाणं झालं, गाजलंही. त्यात काही कमी आहे असं कुणाला वाटलं नाही. त्या गाण्यात नग्नता नव्हतीच, सेन्सॉरनं अस्तर नसतं तरी पास केलं असतं. आणि तरी त्या सकाळी जे होऊ घातलं होतं ते शोषणच होतं.

जयवंत दळवींची ‘चक्र’ तुम्ही वाचली असेल. तिच्यावरचा सिनेमा १९८१ चा. झोपडपट्टीतली बाई उघड्यावर आंघोळ करते असं दृश्य त्यात आहे, स्मिता पाटील आहे. राहायलाच जागा नाही तिथे न्हाणीघर कुठून येणार? दृश्य खरं आणि गरजेचं. पण पोस्टरवर तेच घेतलं, आणि प्रेक्षकांना ‘या, उघडी बाई बघा’ असं बोलावण्यासाठी घेतलं. स्मितानं याबद्दल मुलाखतीत उघड नाराजी बोलून दाखवली होती. सीताबर्डीच्या भिंतीवर ते पोस्टर मीही पाहिलेलं आहे, आईनं हात ओढत पुढे नेलं होतं. सिनेमात ती गरीब बाई होती, भिंतीवर नुसतं अंग. म्हणूनच वरच्या ताईंना पोस्टरचं विचारा म्हटलं.

*

मित्रांच्या ग्रुपवर सिनेमातल्या हिरोइनींच्या न्यूड क्लिप येत राहतात. सिनेमात तर त्यांनी स्वतःच्या मर्जीनं केलं, पैसे घेतले. मग क्लिप बघितली तर काय बिघडलं?
– नाव नको, मानेवाडा

मर्जी तिनं सिनेमाला दिली होती. पायल कपाडियांचा ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’ २०२४ मध्ये कानला ग्राँ प्री जिंकून आला. मुंबईत नोकरी करणाऱ्या नर्सेसची गोष्ट. आपल्याकडे प्रदर्शित होताच त्यातल्या दिव्या प्रभाच्या दृश्याचे काही सेकंद कापून फोनोफोनी फिरले. २०१६ च्या ‘पार्च्ड’मधल्या राधिका आपटेच्या दृश्याचंही तेच झालं होतं. दिव्याच्या त्या दृश्याला आगापिछा होता: ती कोण आहे, कुणावर प्रेम करते, शहरात त्या दोघांना भेटायला जागा का नाही. ते सगळं कापून तुमच्या मित्रांनी फक्त अंग ठेवलं. अभिनेत्रीनं करारात, सेटवर, दिग्दर्शकाशी बोलून जे जे सांभाळलं, ते एका फॉरवर्डनं गेलं. दिग्दर्शक कितीही सरळ असो, शोषण करणारा तेव्हा ग्रुपमधला माणूस असतो.

ग्रुपवर सगळ्यांसमोर बोलायला जड जात असेल तर निदान जो पाठवतो त्याला एकट्याला फोन करून सांगा, आणि तुमच्या फोनमधली क्लिप आजच काढून टाका. मग पायल कपाडियांचा तो सिनेमा सुरुवातीपासून बघा. दोन तासांचा आहे, शेवटी शेवटी रत्नागिरीचा समुद्र आहे. बघून झाल्यावर मला लिहा, त्या दृश्याबद्दल काय वाटलं ते.